वाचकांचे प्रश्न : १८९९चे क्लीव्हलँड स्पायडर्स

बेसबॉलमधला शिकागो व्हाइट सॉक्स हा संघ २०२४मध्ये १६२पैकी १२१ सामने हरला, तेव्हा सगळीकडे ‘सर्वाधिक पराभवांचा विक्रम’ असं छापून आलं. पण क्लीव्हलँड स्पायडर्स एका हंगामात १३४ सामने हरल्याचंही वाचलं आहे. मग खरा आकडा कोणता? – एक वाचक, सांगली

दोन्ही खरे. बेसबॉलचे बरेचसे विक्रम १९०१पासून मोजतात, कारण त्या वर्षी अमेरिकन लीग ही जुन्या नॅशनल लीगच्या (स्पायडर्स याच लीगमधले) बरोबरीची लीग म्हणून उभी राहिली. या मोजणीत आधी १९६२च्या न्यूयॉर्क मेट्सचे १२० पराभव वर होते, आता व्हाइट सॉक्सचे १२१ आहेत. स्पायडर्सचा हंगाम १८९९चा, म्हणून तो या यादीच्या बाहेर राहतो.

नुसते पराभव मोजण्यापेक्षा टक्केवारी पाहावी. व्हाइट सॉक्सने ४१ सामने जिंकले, म्हणजे २५ टक्के. स्पायडर्सने १५४पैकी २० जिंकले, म्हणजे जेमतेम १३ टक्के. बेसबॉलमध्ये तळाचा संघसुद्धा साधारणपणे तीनातला एक सामना जिंकून जातो, कारण एखाद्या दिवशी पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) हात चालला की बलाढ्य संघही गप्प होतो. त्या खेळात सातातल्या सहा सामन्यांहून जास्त हरायला निव्वळ खराब खेळ पुरत नाही.

मग काय लागतं? आदल्या वर्षापर्यंत हा संघ चांगला होता ना? – एक वाचक, नाशिक

चांगलाच होता. १८९५मध्ये त्यांनी बाल्टिमोरला हरवून टेंपल कप (लीगमधल्या पहिल्या दोन संघांतली मालिका) जिंकला होता आणि १८९८मध्ये ८१ विजय, ६८ पराभव अशी कामगिरी करून बारा संघांत पाचवे आले होते. साय यंगसारखा पिचर आणि जेसी बर्केटसारखा बॅटर त्यांच्याकडे होता.

मालक होते फ्रँक आणि स्टॅन्ली रॉबिसन हे भाऊ. फ्रँक रॉबिसनचा धंदा ट्रामचा. क्लीव्हलँडचे प्रेक्षक कमी येतात ही त्यांची जुनी तक्रार होती, आणि रविवारचे सामने हे त्यातलं मोठं दुखणं. कामगारांना सुट्टी रविवारची, पण क्लीव्हलँडमध्ये रविवारी खेळायला बंदी. १८९७मध्ये रविवारी सामना सुरू केला तर पोलिसांनी खेळाडूंनाच अटक केली. सेंट लुइसमध्ये ही अडचण नव्हती. तिथला ब्राउन्स संघ १८९८मध्ये ३९ विजय आणि १११ पराभवांसह तळाला गेला होता, मालक कर्जात बुडाला होता, आणि संघ लिलावात निघाला. १८९९च्या सुरुवातीला रॉबिसन बंधूंनी तो मिळवला. एकाच लीगमधले दोन संघ एकाच मालकाकडे असण्याला तेव्हा मनाई नव्हती.

पुढचं कागदोपत्री झालं. यंग, बर्केट, बॉबी वॉलेस आणि कर्णधार-व्यवस्थापक पॅट्सी टेबो यांच्यासह क्लीव्हलँडचा सगळा कणा सेंट लुइसला हलवला आणि त्या संघाला ‘परफेक्टोज’ असं नवं नाव दिलं. बदल्यात क्लीव्हलँडला मिळाले ते आदल्या वर्षी तळाला गेलेल्या संघातले खेळाडू आणि इतर भरती. १५ एप्रिलला हंगामाचा पहिला सामना या दोघांतच झाला. साय यंगने आपल्याच जुन्या संघाविरुद्ध पिचिंग केलं आणि सेंट लुइस १०–१ने जिंकलं.

इथेही थांबलं नाही. लेव्ह क्रॉस हा क्लीव्हलँडचा व्यवस्थापक स्वतः उत्तम तिसऱ्या बेसवरचा खेळाडू होता. जूनच्या सुरुवातीला त्यालाही सेंट लुइसने उचललं, सोबत विली सुडहॉफ हा कामाचा पिचर. क्रॉसच्या हाताखाली ८ विजय आणि ३० पराभव झाले होते. त्याच्यानंतर आलेल्या जो क्विनच्या वाट्याला १२ विजय आणि १०४ पराभव आले. ऑस्ट्रेलियात जन्मलेला क्विन स्वतः दुसऱ्या बेसवर उभा राहून संघ चालवत होता. या आकड्यांवरून त्याला नालायक ठरवणं अन्यायाचं आहे, कारण त्याच्या हाताशी उरलंच काय होतं?

म्हणजे हे सामने मुद्दाम हरले? – एक वाचक, लातूर

नाही. पैसे घेऊन सामना सोडणं वेगळं आणि संघच पोखरून ठेवणं वेगळं. मैदानावरचे खेळाडू जिंकायलाच उतरत होते. दोष मालकांचा आणि त्यांना मोकळीक देणाऱ्या लीगचा.

घरच्या मैदानावर फक्त ४२ सामने आणि बाहेर ११२, हे कसं? – एक वाचक, पुणे

पाहुण्या संघाला गल्ल्यातला हिस्सा मिळायचा आणि त्यातूनच रेल्वेभाडं, हॉटेल भागवायचं. खेळाडू पळवले म्हणून क्लीव्हलँडच्या लोकांनी मैदानाकडे पाठ फिरवली. ४२ सामन्यांना मिळून ६,०८८ प्रेक्षक आले, सरासरी १४५. तिकीट ५० सेंटचं धरलं तर एका सामन्याचा सगळा गल्ला साडेबहात्तर डॉलर. त्यातल्या हिश्शात संघाची माणसं शहरात आणून, जेवू घालून परत नेणं कुणाला परवडणार? बाकीचे संघ क्लीव्हलँडला यायलाच तयार होईनात, तेव्हा स्पायडर्सनाच त्यांच्याकडे पाठवलं. उन्हाळ्यापासून पुढे संघ जवळजवळ सतत रेल्वेत आणि परक्या मैदानांवर. वर्तमानपत्रं त्यांना ‘वाँडरर्स’, ‘एक्झाइल्स’ म्हणू लागली.

घरी ९ जिंकले, ३३ हरले. बाहेर ११ जिंकले, १०१ हरले. बाहेरच्या १०१ पराभवांचा विक्रम आता मोडणं शक्यच नाही, कारण आजच्या वेळापत्रकात बाहेरचे सामनेच ८१ असतात.

संघ नेमका कुठे कमी पडला, बॅटिंगमध्ये की पिचिंगमध्ये? – एक वाचक, ठाणे

दोन्हीकडे. केलेल्या धावा ५२९, दिलेल्या १,२५२. ४९ सामन्यांत समोरच्याने दहा किंवा जास्त धावा काढल्या. त्या काळी सुरुवातीचा पिचरच बहुतेक वेळा पूर्ण नऊ इनिंग टाकायचा, त्यामुळे मार पडत असला तरी तोच उभा. जिम ह्युईने ४ जिंकले आणि ३० हरले. एका हंगामात ३० पराभव नावावर लागलेला तो शेवटचा पिचर. चार्ली नेपरचेही विजय चारच, पराभव २२. संघातले सर्वाधिक विजय हेच!

नशिबाचा भाग किती, हे धावांवरून काढता येतं. केलेल्या धावांचा वर्ग करा (२,७९,८४१), दिलेल्या धावांचा वर्ग करा (१५,६७,५०४), आणि पहिल्याला दोन्हींच्या बेरजेने भागा. उत्तर ०.१५१ येतं. त्याला १५४ने गुणलं की २३ विजय. प्रत्यक्षात २० मिळाले, म्हणजे दुर्दैव फार तर तीन सामन्यांचं. बाकी सगळी ताकदीतली तफावत. हाच हिशेब कुठल्याही हंगामाला लावून पाहा. जिंकलेले सामने आणि आलेलं उत्तर यांत मोठा फरक दिसला, तरच नशिबाला बोल लावावा.

२६ ऑगस्टपासून ते सलग २४ सामने हरले आणि शेवटच्या ४१पैकी ४० हरले.

गुणतक्त्यात स्पायडर्स पहिल्या संघाच्या ‘८४ सामने मागे’ दिसतात. हा आकडा कसा काढतात? – एक वाचक, अकोला

विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक यांची बेरीज करून निम्मी करायची. ब्रुकलिन पहिले आले : १०१ विजय, ४७ पराभव. विजयांतला फरक ८१, पराभवांतला ८७, बेरीज १६८, निम्मे ८४. अकराव्या क्रमांकाच्या वॉशिंग्टनपासूनही (५४–९८) ते ३५ सामने मागे होते.

शेवटच्या सामन्यात सिगार विकणाऱ्याने पिचिंग केलं, हे खरं का? – एक वाचक, रत्नागिरी

खरं. १५ ऑक्टोबरला सिनसिनाटीत, हॉटेलातल्या सिगारच्या टपरीवर काम करणाऱ्या एडी कोल्बला संधी दिली. १९–३ने हरले.

रॉबिसन बंधूंना फायदा झाला का? – एक वाचक, सोलापूर

प्रेक्षकांच्या बाबतीत झाला, सेंट लुइसला लाखोंनी लोक आले. पण सगळे चांगले खेळाडू एकवटूनही परफेक्टोज पाचवेच आले. हंगामानंतर लीगने बाराचे आठ संघ केले आणि क्लीव्हलँड, बाल्टिमोर, लुइसव्हिल, वॉशिंग्टन यांना वगळलं. परफेक्टोज १९००पासून कार्डिनल्स झाले.

आम्ही ओहायोत राहतो. स्पायडर्सचं मैदान आज पाहता येतं का? – एक वाचक, क्लीव्हलँडजवळ

येतं. लीग पार्क लेक्सिंग्टन अव्हेन्यू आणि ईस्ट ६६व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे. १८९१मध्ये ते रॉबिसनच्या ट्रामच्या मार्गावर बांधलं, आणि तिथल्या पहिल्या सामन्यात साय यंगनेच पिचिंग केलं होतं. मात्र १८९९चं लाकडी स्टँड शोधू नका. १९१०मध्ये मैदान पोलाद आणि काँक्रीटमध्ये नव्याने बांधलं गेलं, आणि आज दिसणारं जुनं तिकीटघर व भिंतीचा भाग त्या नंतरच्या बांधकामाचा आहे. तिकीटघरात बेसबॉल हेरिटेज म्युझियम आहे. आजचा गार्डियन्स संघ स्पायडर्सचा वारस नव्हे. तो १९०१मध्ये अमेरिकन लीगबरोबर आलेला वेगळा संघ, पण सुरुवातीला खेळला याच मैदानावर.