खाण्याच्या याद्या फेकू नका, वही कुणाला देऊ नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. आजेसासऱ्यांच्या कपाटात वायएमसीएने युद्धकैद्यांना दिलेली वही सापडली, पहिल्या पानावर स्टालाग लुफ्ट ७, बांकाऊ (दुसऱ्या महायुद्धात पकडलेल्या विमानदलाच्या लोकांची जर्मन छावणी) असं लिहिलंय आणि आत 'नुसत्या खाण्याच्या याद्या, कामाचं काहीच नाही'. वही एखाद्या संस्थेला देऊन टाकावी का, असं तुम्ही विचारलंय. देऊ नका. निदान आत्ता तरी नाही.

माझे आजेसासरे त्याच छावणीत होते. लँकेस्टर विमानावर वायरलेस ऑपरेटर, हुद्दा सार्जंट, १९४४ च्या उन्हाळ्यात विमान पडलं. मी लग्न होऊन इंग्लंडला आले तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. पहिल्याच भेटीत मी त्यांना कैद्यांनी पळण्यासाठी खणलेल्या भुयारांबद्दल विचारलं. सागानच्या दुसऱ्या एका जर्मन छावणीतून मार्च १९४४ मध्ये ७६ जण भुयारातून निसटले, त्यातल्या ५० जणांना गोळ्या घातल्या, एवढंच मला माहीत होतं. ते म्हणाले, "मी तिथे नव्हतो," आणि उठून बागेत गेले. पुढे कितीतरी महिने हा विषय निघाला नाही.

मग एकदा मी शिरा केला. बेदाणे घातले होते. त्यांनी वाटी नाकाजवळ नेली आणि आपणहून बोलायला लागले. रेड क्रॉसच्या कॅनडाहून आलेल्या पार्सलातली बिस्किटं कुटायची, त्यात क्लिमची दूधपावडर, साखर, बेदाणे, आणि फुगायला दात घासायची पावडर. डब्याचे पत्रे कापून पंख्याची शेगडी करायची आणि त्यावर शिजवायचं. पावाचे तुकडे जो कापेल त्याने शेवटचा उचलायचा, म्हणजे कापणारा हात चोख चालतो. हे सांगताना ते टेबलावर बोटाने रेघा मारून दाखवत होते. मी त्या दिवशी काहीही लिहून घेतलं नाही. कढई घासायची होती म्हणून उठले.

याद्या का महत्त्वाच्या ते सांगते. मी इतिहासाची अभ्यासक नाही, घरातलं ऐकलं आणि नंतर वाचलं त्यावरून माझं मत झालंय. विमान पडून पकडले गेलेले हे सगळे सार्जंट किंवा त्याच्या वरचे. जिनिव्हा करारानुसार त्यांच्याकडून मजुरी करून घेता येत नव्हती. ऐकायला बरं वाटतं, पण साधे सैनिक शेतावर, कारखान्यात जायचे, तिथे साबणाच्या बदल्यात बटाटा, अंडं मिळवायचे. हे सार्जंट मात्र तारांच्या आतच. जर्मन रेशनवर पोट भरत नव्हतं, म्हणून जीव रेड क्रॉसच्या पार्सलवर. १९४४ च्या सप्टेंबरपासून तीही बऱ्याच छावण्यांत निम्मी झाली. शिवाय पळून जाण्यासाठी साठा करू नये म्हणून पहारेकरी डब्यांना भोकं पाडून द्यायचे. भोक पडलेला डबा किती दिवस ठेवणार? तेव्हा 'सार्डिन अर्धा, उरलेला उद्या' अशी ओळ दिसली तर ती निरर्थक समजू नका. त्या माणसाने त्या दिवशी उद्याचा विचार केला होता.

छावण्यांत सिगारेटी पैशांसारख्या चालायच्या हे तुम्हाला ठाऊक असेलच. अशाच छावण्यांत राहिलेल्या एका अर्थतज्ज्ञाने १९४५ मध्ये लिहून ठेवलंय की एक कैदी, उर्दू येतं म्हणून, शीख सैनिकांकडचं मांस घ्यायचा आणि बदल्यात लोणी, जाम द्यायचा. याद्यांच्या कडेला आकडे असतील तर ते बहुधा सिगारेटींचे भाव.

आता माझी चूक. आजेसासरे गेल्यावर वही माझ्याकडे आली. मी तारखा असलेली, मला 'महत्त्वाची' वाटलेली ११ पानं स्कॅन केली, खाण्याची सगळी पानं सोडली आणि मूळ वही एका संस्थेकडे स्वतः नेऊन दिली. पोचपावती मागितली नाही. समोरच्या बाई फार आपुलकीने बोलल्या, मागायचा संकोच वाटला. वर्षभराने पाहायला गेले तर वही सापडेना. तीन वर्षं पत्रं लिहिली. दर वेळी नवा माणूस, दर वेळी एकच उत्तर: दाखल क्रमांक कळवा. क्रमांक त्यांनी दिलाच नव्हता. आता तर ते उत्तरही देत नाहीत. नाव लिहीत नाही, सगळ्याच संस्था अशा असतात असंही माझं म्हणणं नाही. पण लेखी पावती आणि प्रत्येक पानाची प्रत हातात असल्याशिवाय मूळ वस्तू घराबाहेर काढू नका. कोरी वाटणारी पानंही घ्या. पेन्सिल पुसट झालेली असते, खिडकीशी कागद तिरपा धरला की अक्षर उमटतं. आणि लॅमिनेशन अजिबात नको.

कागदपत्रांचं म्हणाल तर लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ३४४ या मालिकेत सुटून आलेल्या कैद्यांनी भरलेल्या प्रश्नावल्या आहेत, आधी तिथे पाहा. सगळ्यांनी त्या भरल्या नव्हत्या, तेव्हा नाव मिळालं नाही तर नाराज होऊ नका. कैदी क्रमांक आणि हवाई दलाचा क्रमांक वेगळे असतात, दोन्ही जवळ ठेवा.

एक विनंती आहे. १९ जानेवारी १९४५ च्या पहाटे बांकाऊच्या सुमारे १,५०० कैद्यांना बर्फातून चालत बाहेर काढलं. ५ फेब्रुवारीला गोल्डबर्गला गुरांच्या डब्यांत कोंबेपर्यंत ते पायीच होते, ८ तारखेला लुकेनवाल्डेच्या छावणीत पोचले. निघताना कुणी काय बरोबर घेतलं, आधीच्या आठवड्यात काय वाचवून ठेवलं, हे माझ्या सोडलेल्या पानांत होतं. तुमच्या वहीत जानेवारीची पानं असतील तर ती वाचून मला कळवाल का? फोटो नको, तुम्ही नुसतं टाइप केलंत तरी चालेल.