कॉलेजला सांगितलं तर पोरीचं नुकसान होईल का?

"मॅडम, दहावी-बारावीला सवलत घेतली तेवढं पुरे, आता कॉलेजात कशाला सांगायचं, उगाच चार लोकांना कळणार." लर्निंग डिसॅबिलिटी (बुद्धी चांगली, पण वाचायला-लिहायला जड जातं) असलेल्या मुलांचे आईवडील हे माझ्याकडे इतक्यांदा बोललेत की आता समोरच्याने "मॅडम, एक विचारायचं होतं" म्हटलं की पुढचं मला माहीत असतं. आणि ॲडमिशनच्या वेळी गप्प बसलेले हेच पालक सेमिस्टरचा रिझल्ट लागला की घाबरून येतात. म्हणून एका मुलीबद्दल लिहितेय, नाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय, तिला ऋतुजा म्हणूया.

ऋतुजा बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होती. शाळा मराठी मीडियम, डिस्लेक्सिया (वाचताना, स्पेलिंग लिहिताना अडचण) शाळेतच लक्षात आलेला, दहावीला जादा वेळ मिळालेला. पुढे सायन्स घेतलं, सगळं इंग्लिशमधून सुरू झालं आणि घरच्यांनी कॉलेजला काही कळवलंच नाही. पहिल्या वर्षी थिअरीत केट्या लागल्या, म्हणजे काही विषय राहिले, प्रॅक्टिकलला मात्र वर्गात पुढे! आई म्हणत होती अभ्यासच करत नाही, मोबाईल हातातून सुटत नाही.

मी तिला टर्म टेस्टचा पेपर आणायला सांगितला होता. एकाच पानावर स्टॅफिलोकॉकस या बॅक्टेरियाचं स्पेलिंग तीन प्रकारे, ओळी वर-खाली गेलेल्या, शेवटचे दोन प्रश्न अर्धवट आणि खाली लाल पेनाने 'इनकम्प्लीट'. त्यातला एक अर्धवट प्रश्न होता ग्रॅम स्टेनिंगचा, म्हणजे रंग देऊन बॅक्टेरिया जांभळे (ग्रॅम पॉझिटिव्ह) की गुलाबी (ग्रॅम निगेटिव्ह) हे ओळखायची पद्धत. म्हटलं हे मला तोंडी सांग बरं, आईसमोरच. तर पोरीने न अडखळता सांगितलं की आधी क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुवायचं आणि शेवटी सॅफ्रॅनिन. मी विचारलं अल्कोहोल जास्त वेळ राहिलं तर? "मग ग्रॅम पॉझिटिव्हचा पण जांभळा रंग धुऊन जातो ना मॅडम, तो पण गुलाबी दिसतो आणि रिपोर्ट चुकतो, म्हणून माहितीतल्या बॅक्टेरियाची कंट्रोल स्लाइड सोबत करायची." आई बघतच राहिली. हे सगळं तिला येत होतं, तीन तासांत कागदावर उतरत नव्हतं एवढंच.

आईची काळजी नोकरी आणि लग्नाची होती, ऋतुजाची वेगळीच. "मैत्रिणी म्हणतील फुकटचे मार्क मिळवते." मला ही काळजी जास्त महत्त्वाची वाटते कारण मुलं याच्यामुळेच हक्काचं सोडून देतात. तिला म्हटलं, बाळा, पेपर तोच, प्रश्न तेच, जादा मिळतो तो फक्त वेळ. ज्याला येतच नाही त्याला आणखी एक तास दिला तरी तो काय लिहिणार आहे? आणि परीक्षा मायक्रोबायोलॉजीची आहे, लिहिण्याच्या स्पीडची नाही.

हे कोणी दया म्हणून देत नाही हेही सांगते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये लर्निंग डिसॅबिलिटी धरलेली आहे आणि परीक्षेत जादा वेळ, रायटर (सांगितलेलं उत्तर लिहून देणारा) असे बदल करायचं त्यात स्पष्ट म्हटलंय. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा होती, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. त्या ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वासाठी होत्या, पण सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२१ मध्ये, हाताला रायटर्स क्रॅम्प (लिहिताना हात आखडणं) असलेल्या यूपीएससीच्या एका उमेदवाराच्या केसमध्ये, रायटरसाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही असं सांगितलं, आणि नंतर २०२२ मध्ये ४० टक्क्यांखालच्यांसाठीही वेगळ्या सूचना आल्या; २०२५ मध्ये या दोन्हींच्या जागी नव्या सूचना आल्या. त्यामुळे "तुमचे टक्के बसत नाहीत" एवढं ऐकून परत फिरू नका.

मग आम्ही तिच्या टीचरना भेटलो. भली बाई, पण तिची अडचण खरी होती. "एकीला वेगळं दिलं तर बाकीचे म्हणतील आम्हालाही द्या." मी म्हटलं, द्या की सगळ्यांना! युनिव्हर्सिटीचा पेपर आपल्या हातात नाही पण इंटर्नलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या परीक्षेत, बरंच काही करता येतं. त्यांनी एका युनिटसाठी अख्ख्या वर्गाला चॉइस दिला, लेखी टेस्ट द्या, नाहीतर दहा मिनिटांची ओरल, नाहीतर फ्लोचार्ट काढून तो समजावून सांगा. मार्क मात्र एकाच मापाने, पायऱ्यांचा क्रम बरोबर आहे का, प्रत्येक पायरीचं कारण माहीत आहे का, कुठे काय चुकू शकतं ते सांगता येतं का, आणि हे आधीच वर्गाला सांगून टाकलं. बऱ्याच जणांनी नेहमीची लेखीच घेतली. ओरल घेणाऱ्यांत ऋतुजा होतीच, पण खेड्यातून आलेली मराठी मीडियमची दोन-तीन मुलंही होती जी इंग्लिश वाक्य जुळवण्यातच अडकायची आणि वर्गात कधी तोंड उघडायची नाहीत. त्यांच्याबद्दल तर कोणी माझ्याकडे आलंच नव्हतं.

फक्त ओरलच सगळ्यांना लावा असं मी कधीच म्हणणार नाही, तोतरं बोलणाऱ्या किंवा चारचौघांत घाम फुटणाऱ्या मुलाचे त्यात हाल होतात, म्हणून चॉइस हवा. बाईंनी आणखी एक सोपी गोष्ट केली, स्लाइड्स आदल्या दिवशी ग्रुपवर टाकायला लागल्या आणि अवघड नावं फळ्याच्या एका कोपऱ्यात तासभर तशीच ठेवायला लागल्या. खर्च शून्य.

ऋतुजाची पुढच्या सेमला एक केटी राहिली, बाकीच्या निघाल्या. जादा वेळ मिळाला पण परीक्षा विभागात हेलपाटे मारून, कारण अर्ज उशिरा गेला होता आणि दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट शाळेच्या वेळचं होतं. लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी वयाची १८ वर्षं झाल्यावर पुन्हा करावी लागते, मग ते सर्टिफिकेट कायम चालतं. तारीख मिळायला वेळ लागतो म्हणून सरकारी हॉस्पिटलात नंबर सुट्टीतच लावा. वर्गात सांगायचं की नाही हे मुलीवर सोडा, प्रिन्सिपल, परीक्षा विभाग आणि शिकवणारे टीचर यांना कळलं तरी काम होतं. अर्ज ॲडमिशन झाल्या झाल्या द्या, परीक्षेचा फॉर्म भरायची वाट बघू नका, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.