फ्रिजच्या पंख्याला तेल घालण्यापूर्वी

प्रश्न : आमच्या दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमधून रात्री घरघर ऐकू येते आणि दार उघडले की ती लगेच थांबते. कॉम्प्रेसर गेला असेल का? (मानेवाडा)

उत्तर : दार उघडताच आवाज थांबत असेल, तर संशय कॉम्प्रेसरवर नव्हे, फ्रीझरच्या मागच्या आवरणाआड बसवलेल्या पंख्यावर घ्यावा. बहुतेक फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये दार उघडल्यावर हा पंखा बंद होतो, कॉम्प्रेसर मात्र चालूच राहतो. दाराच्या चौकटीत दाबाचे बटण असेल, तर दार उघडे ठेवून ते बोटाने दाबून धरावे. घरघर पुन्हा सुरू झाली की निदान पक्के समजावे.

यानंतर आवाजाची जात ओळखावी लागते. पंख्याचा दांडा म्हणजे शाफ्ट ज्या बुशमध्ये (छोट्या कड्यात) फिरतो तो कोरडा पडला असेल, तर बारीक किरकिर किंवा शिट्टीसारखा सूर येतो. पाते बर्फाला घासत असेल, तर खरखर येते. फ्रिज काही तास बंद ठेवून बर्फ वितळवला की ती नाहीशी होते आणि थोड्या दिवसांनी परत येते. अशा वेळी तेलाचा काहीही उपयोग नसतो. बर्फ का साचतो, हे शोधावे लागते : दाराचे रबर सैल आहे, पाणी वाहून नेणारी नळी तुंबली आहे, किंवा बर्फ वितळवणारा हीटर बंद पडला आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरची ओलसर हवा स्वयंपाकघरापर्यंत खेळत असते आणि सैल रबरातून तीच आत जाऊन गोठते. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे. ती अलगद ओढून निघाली, तर आधी रबराकडे पाहावे.

प्रश्न : कूलरच्या मोटरला आम्ही दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला घरीच तेल घालतो. तेच तेल फ्रिजच्या पंख्याला चालेल का? शेजारच्या काकांनी खोबरेल सुचवले आहे. (महाल)

उत्तर : खोबरेल तर मुळीच नको. ते 24 अंशांच्या आसपासच गोठू लागते, म्हणूनच नागपूरच्या डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते. फ्रीझरमध्ये तर उणे 18 अंश किंवा त्याहून कमी तापमान असते. घट्ट झालेल्या तेलात शाफ्ट अडकला की मोटर तापते आणि शेवटी तिचे वाइंडिंग (आतले तारेचे वेटोळे) जळते. खाण्याचे कोणतेही तेल काही काळाने चिकट होते. गंज सोडवणारा स्प्रे बुशमध्ये उरलेसुरले तेलही धुऊन नेतो, त्यामुळे थोडे दिवस शांतता मिळते आणि पुढे आवाज वाढतो. शिलाई मशीनचे किंवा कूलरचे तेल फ्रिजच्या खालच्या, बाहेरील पंख्याला चालते. आतल्या पंख्यासाठी मात्र अतिथंड तापमानातही पातळ राहणारे सिंथेटिक तेल घ्यावे आणि ते उणे 30 अंशांच्या खालीही वाहते, असे डबीवर लिहिलेले आहे का, ते पाहावे.

काम सुरू करताना केवळ बटण बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधून काढावा. फ्रीझर रिकामा करून दार उघडे ठेवावे आणि बर्फ आपोआप वितळू द्यावा. सुरी किंवा पेचकस खुपसून बर्फ काढण्याचा मोह टाळावा, कारण थंड करणारा गॅस ज्या नळीतून फिरतो तिला भोक पडले तर तो निघून जातो, आणि अनेक नव्या फ्रिजमध्ये भरलेला आर-600ए हा गॅस ज्वलनशील असतो. आवरणाचे स्क्रू काढल्यावर तारांचा जोड सोडवावा. पाते कोणत्या बाजूने आणि शाफ्टवर किती आत बसले होते, याचा फोटो काढून ठेवावा, कारण ते थोडे जास्त आत दाबले गेले तरी घासते. पाते सरळ ओढून काढावे आणि शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहावा. तो जाणवण्याइतका लटपटत असेल, तर बुश झिजला आहे. तिथेच थांबून नवी मोटर आणावी, तेल वाया घालवू नये. शाफ्ट घट्ट बसलेला पण जड फिरत असेल, तर जुना काळा चिकटा कापडाने पुसून दोन्ही टोकांच्या बुशला एक-दोन थेंब द्यावेत. बुशजवळ नमद्याची चकती असेल, तर थेंब तिच्यावर सोडावेत, म्हणजे ती तेल धरून ठेवते. जास्तीचे तेल पुसून टाकावे. बोटाने टिचकी मारल्यावर शाफ्ट काही फेरे सहज घेऊ लागला, म्हणजे काम झाले. तारा पात्यापासून दूर बांधूनच आवरण लावावे.

प्रश्न : आमचा फ्रिज इन्व्हर्टर प्रकारचा आहे. हीच कृती करावी का? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : करू नये. त्यातील पंखा बहुधा 12 व्होल्ट डीसीवर चालतो, त्याला तीन-चार तारा असतात आणि मोटर सहसा बंदिस्त असते. तपासण्यासाठी तिला घरातली 230 व्होल्टची वीज कदापि जोडू नये. त्याच मॉडेलची, त्याच व्होल्टेजची मोटर बसवणे हाच शहाणपणा.

प्रश्न : मे महिन्यात आमच्या जुन्या मोठ्या फ्रिजचा मागचा, खालचा पंखा अडखळतो आणि कॉम्प्रेसर 'टक्' करून बंद पडतो. (इतवारी)

उत्तर : तो पंखा कंडेन्सरची, म्हणजे फ्रिजच्या बाहेरच्या तापणाऱ्या कॉइलची, उष्णता बाहेर फेकतो. तो मंदावला की कॉम्प्रेसर तापतो आणि संरक्षक स्विच त्याचा वीजपुरवठा तोडतो. तुम्ही ऐकता ती 'टक्' त्याचीच. आधी प्लग काढून पात्यावरची आणि कॉइलवरची धूळ मऊ ब्रशने झाडावी. बहुतेक वेळा अडखळण्याचे मूळ याच धुळीत असते. त्यानंतरही पंखा जड फिरत असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे तेल द्यावे. फ्रिजवरील पट्टीवर हवामानाचा वर्ग छापलेला असतो : 'एसटी' वर्ग 38 अंशांपर्यंतच्या आणि 'टी' वर्ग 43 अंशांपर्यंतच्या परिसरासाठी असतो. मे महिन्यात बाहेरचा पारा 45च्या वर जातो, तेव्हा फ्रिज पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये आणि मागे मोकळी जागा सोडावी.

प्रश्न : तेल घालून जोडणी केली, पण फ्रिज सुरू केल्यावर पंखा फिरलाच नाही. (धरमपेठ)

उत्तर : लगेच पुन्हा उघडू नका. अनेक मॉडेलमध्ये फ्रीझरमधली थंड करणारी कॉइल पुरेशी थंड होईपर्यंत पंखा सुरू होत नाही, आणि बर्फ वितळवण्याच्या वेळी तर तो मुद्दाम बंद ठेवलेला असतो. दार लावून तासभर वाट पाहावी. त्यानंतरही फ्रीझर थंड आणि खालचा कप्पा कोमट असेल, तर प्लग काढून तारांचा जोड नीट बसला आहे का, ते तपासावे, आणि प्लग पुन्हा लावण्यापूर्वी किमान पाच मिनिटे थांबावे.