हस्तमैथुनामुळे मूल व्हायला अडचण येते का?

तुम्ही ऐरोलीत राहता, लग्न ठरलंय, शाळेपासून हस्तमैथुनाची सवय आहे आणि आता 'वीर्य संपलं असेल का, मूल व्हायला अडचण येईल का' ही धास्ती लागलीय. बायकांनाही असा त्रास होतो का, हेही विचारलंत. दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे. मी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. वीर्यतपासणीचे नमुने रोज माझ्या हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे बघा, की मूल होत नाही म्हणून पुरुषाची पहिली तपासणी होते तिचा नमुना हस्तमैथुनानेच घेतात. आम्ही निर्जंतुक डबी देतो आणि आतली खोली दाखवतो. आयव्हीएफसाठीही (टेस्ट ट्यूब बेबी) बहुतेक वेळा नमुना असाच घेतला जातो आणि त्यातून मुलं जन्माला येतात. ज्या गोष्टीने वंध्यत्व येतं असं तुम्हाला सांगितलं गेलं, तिच्याशिवाय वंध्यत्वाची तपासणीच होत नाही.

डबीबरोबरच्या फॉर्मवर 'किती दिवसांचा खंड' असा रकाना असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाप्रमाणे तो २ ते ७ दिवसांचा हवा. पण रिपोर्ट चांगला यावा म्हणून महिना-महिना 'साठवून' येणारे खूप असतात. नमुना पातळ व्हायला वीस-तीस मिनिटं जातात, मग त्याचा थेंब मी मायक्रोस्कोपखाली धरते. चांगल्या नमुन्यात शुक्राणू सरळ रेषेत पुढे पळताना दिसतात. साठवलेल्या नमुन्यात संख्या भरपूर दिसते, पण बरेचसे जागच्या जागी वळवळतात, कित्येक हलतही नाहीत. वृषणाला लागून असलेल्या नळीत पडून पडून ते जुने झालेले असतात. म्हणजे राखून ठेवल्याने वीर्य कसदार होत नाही. उलट रोज स्खलन झालं तर प्रत्येक वेळची संख्या थोडी कमी भरते, आणि दोन-चार दिवसांत ती पूर्ववत होते.

कारण शुक्राणू वयात आल्यापासून जन्मभर तयार होतच असतात. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. त्यामुळे आजच्या रिपोर्टमध्ये गेल्या तीन महिन्यांतली तब्येत दिसते: मोठा ताप येऊन गेला का, सिगारेट-तंबाखू किती, वजन किती. आणि एक गोष्ट मला हात जोडून सांगावीशी वाटते. जिममध्ये शरीर कमवायला टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टेरॉइडची इंजेक्शनं घेऊ नका. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू वृषणांना इशारा देणं थांबवतो आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. पिळदार दंडाच्या तरुण मुलाच्या नमुन्यात एकही शुक्राणू सापडत नाही, तेव्हा रिपोर्ट लिहिताना फार वाईट वाटतं.

सवयीचा संबंध येतो तो एका ठिकाणी. काहींना वर्षानुवर्षं फार आवळून किंवा पालथं झोपून गादीवर घासून करायची सवय असते. मग प्रत्यक्ष संबंधात स्खलनच होत नाही आणि दिवस राहत नाहीत. शुक्राणू ठणठणीत असतात. सवय बदलून यातून बाहेर पडता येतं, युरॉलॉजिस्टला मोकळेपणाने सांगा.

बायकांचं तर सोपंच आहे. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयात दहा ते वीस लाख स्त्रीबीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. दर महिन्याला त्यातलं एक कधी सुटायचं हे हार्मोन्स ठरवतात. हस्तमैथुनाने ना बीज कमी होतं, ना पाळी बिघडते. अडचण येते ती वय, पीसीओएस (हार्मोन्स बिघडून बीज वेळेवर न सुटणं), थायरॉइड, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं) यांमुळे, किंवा क्षयाने वा दुसऱ्या जंतुसंसर्गाने गर्भाशयाच्या नळ्या बंद झाल्या तर.

लोकलच्या डब्यात 'गुप्तरोग, स्वप्नदोष, खात्रीशीर इलाज' असे स्टिकर तुम्ही पाहिले असतील. शंभर थेंब रक्ताचं एक थेंब वीर्य होतं, हे त्यांचं भांडवल. वीर्याचा बराचसा भाग प्रोस्टेट आणि शेजारच्या ग्रंथींचा स्राव असतो, रक्ताचा त्यात हिशोबच नाही. र. धों. कर्वे हे शास्त्र सांगत होते, आणि आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये कोर्टात उभे होते. त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. त्याला नव्वद वर्षं झाली, तरी पोरं त्या स्टिकरवरच्या नंबरांना पैसे देतात याचा मला संताप येतो.

तुम्ही आत्ता काहीच करू नका. लग्नानंतर वर्षभर नियमित संबंध येऊनही दिवस राहिले नाहीत, किंवा बायको पस्तिशीपुढची असेल आणि सहा महिने झाले, तर दोघांनी दाखवा. आणि तेव्हा आधी तुमची तपासणी करा. आमच्याकडे सासूबाई सुनेची जाडजूड फाइल घेऊन येतात, तिची सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे सगळं झालेलं असतं, मुलाचा मात्र साधा नमुनाही दिलेला नसतो. त्यात ना सुई, ना भूल. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. नमुना घरी काढलात तर तासाभरात, शर्टाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवून आणावा लागतो. ऐरोलीहून ठाण्याला येताना ट्रॅफिकचा भरवसा नसतो, त्यामुळे लॅबमध्येच दिलेला बरा.