संपूर्ण शाळेचे वाचन-लेखन सुधारायचे असेल तर सुरुवात कोठून करावी?

ऐरोलीतील मराठी माध्यमाच्या शाळेचे नवे मुख्याध्यापक म्हणून आपण विचारले आहे की, चौथी-पाचवीतील बरीच मुले अडखळत वाचतात आणि स्वतःचे एक वाक्यही लिहीत नाहीत, तर भाषेचे तास वाढवावेत की शाळा सुटल्यावर जादा वर्ग घ्यावेत? मी ठाण्यात कळव्याच्या बाजूला प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. माझे मत असे की, तास वाढवण्याआधी मुलांचे गट नव्याने पाडावेत आणि वाचन हे एकट्या भाषाशिक्षकाचे काम राहू देऊ नये.

आधी प्रत्येक मुलाला एकेकटे जवळ बसवून अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट या क्रमाने वाचायला द्यावे. मुलांना किती वाचता येते हे तपासणारी ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून याच पायऱ्यांनी होते आणि एका मुलामागे काही मिनिटे पुरतात. वह्या पाहून मात्र अंदाज बांधू नका. फळ्यावरचा उतारा वळणदार अक्षरात उतरवून घेणाऱ्या मुलीला त्याच वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून वाचायला सांगितले की ती गप्प होते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. पाठ केलेली उत्तरे लिहून ती दरवर्षी पुढच्या वर्गात जाते, म्हणून तिची अडचण कोणाच्या लक्षात येत नाही.

तपासणी झाली की रोजचा एक तास सगळ्या शाळेसाठी एकाच वेळी ठेवावा आणि त्या तासाला तिसरी ते पाचवीच्या मुलांना इयत्तेनुसार नव्हे तर पातळीनुसार बसवावे. गणिताच्या आणि परिसर अभ्यासाच्या शिक्षकांनीही एकेक गट घ्यावा. सर्वांत मागे असलेला गट बहुधा सर्वांत नव्या शिक्षकाच्या गळ्यात पडतो. तो आपल्या सर्वांत अनुभवी शिक्षकाकडे द्या, कारण तेथील काम सर्वांत कठीण आहे. या गटाला ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीने नेऊ नये. क, म, ल, स, र आणि काना एवढ्यावर काका, मका, काम, रस, लाल, साल असे शब्द पहिल्या आठवड्यातच वाचता येतात. क-म-ळ अशी सुटी अक्षरे म्हणणाऱ्या मुलाला त्यात ‘कमळ’ ऐकू येत नाही, कारण बोलताना आपण शेवटचा ‘अ’ गाळतो. म्हणून अक्षरे जुळवून शब्द म्हणण्याचा सराव रोज हवा. पुढच्या गटाची खरी अडचण जोडाक्षरांची असते. सूर्य, चक्र, राष्ट्र, दऱ्या या चार शब्दांत एकच ‘र’ चार रूपांत येतो, आणि हे कोणी उलगडून दाखवले नाही तर हुशार मूलही तेथे अंदाजाने वाचू लागते.

लेखनासाठी रोज दहा मिनिटे मुलांनी स्वतःच्या मनातले लिहावे, मग ती दोनच वाक्ये असली तरी चालेल. आपल्याकडे गावठाणांतील आगरी घरांतून येणारी मुले असतील. ती ‘शाला’, ‘पानी’ असे लिहितात. मूल जसे बोलते तसे लिहू लागले, ही प्रगती आहे. त्यावर लाल फुली न मारता शेजारी ‘शाळा’ लिहावे आणि दोन्ही शब्द त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्यावेत. एका वेळी एकच गोष्ट सुधारावी. पानभर लाल शाई दिसली की मूल दुसऱ्या दिवशी एकच वाक्य लिहिते.

इतर विषयांच्या शिक्षकांकडून मी एवढेच मागेन की, धडा समजावण्यापूर्वी त्यांनी एक परिच्छेद स्वतः मोठ्याने वाचावा, त्यातील अवघड शब्द फळ्यावर लिहावेत आणि मग तोच परिच्छेद मुलांकडून वाचून घ्यावा. पुस्तकांच्या कपाटाचे कुलूप मात्र आजच काढा.

लहान मुलांच्या पायाभूत वाचन-लेखन व गणितासाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असे उद्दिष्ट आहे. यातील ‘अर्थ समजून’ हा भाग घड्याळ लावल्यावर हमखास विसरला जातो, म्हणून वाचून झाल्यावर गोष्टीत काय झाले हे मुलाला त्याच्या शब्दांत सांगायला लावा. दर दोन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा आणि पुढे गेलेल्या मुलाचा गट त्याच आठवड्यात बदला.