क्रेट घेण्याआधी

प्रिय,

एर्लांगेनला पोहोचलीस, खोली मिळाली, ऑफिसही अंगवळणी पडतंय, हे वाचून बरं वाटलं. बँक, विमा, पत्त्याची नोंदणी यांबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. विचारलंस ते सगळं बीअरबद्दल. पहिलाच प्रश्न, "ताई, इथली चांगली बीअर कुठली?" सोबत सुपरमार्केटमधून आणलेल्या सहा बाटल्यांचा फोटो आणि खाली शेरा : सगळ्या सारख्याच लागतात, एवढं कौतुक कशाचं?

शेरा बरोबरच आहे. फोटोतल्या बहुतेक बाटल्या उत्तर जर्मनीतल्या मोठ्या कंपन्यांच्या पिल्सच्या, म्हणजे फिकट, जरा कडवट बीअरच्या आहेत. टीव्हीवर जाहिराती त्यांच्याच दिसतात, आणि हाम्बुर्गपासून म्युनिकपर्यंत कुठल्याही दुकानात त्याच मिळतात. वाईट नसतात, पण कुणालाच खटकू नयेत अशा बेतानं केलेल्या असतात. तू राहतेस त्या गावाच्या जरा उत्तरेला ओबरफ्रांकेन सुरू होतं, बव्हेरिया राज्याच्या उत्तरेकडच्या फ्रांकेन प्रदेशाचा एक भाग. जेमतेम दहा-अकरा लाख वस्तीचा हा भाग, आणि त्यात दीडशेहून जास्त ब्रुअरीज. लोकसंख्येच्या मानानं इतक्या दाटीनं जगात दुसरीकडे क्वचितच असतील. तिथे राहून पाचशे किलोमीटरवरून आलेली बाटली उघडायची म्हणजे कमाल झाली.

ॲपवरची 'टॉप टेन' यादीही बाजूला ठेव. या भागातल्या निम्म्या चांगल्या बीअर बाटलीत भरल्या जातात त्या आजूबाजूच्या चार गावांपुरत्या, आणि काही तर बाटलीत जातच नाहीत. याचं कारण साधं आहे. इथली खास चीज म्हणजे केलरबियर : न गाळलेली, जरा गढूळ, वायू कमी असलेली. पिंप मुरत असताना बूच घट्ट लावत नाहीत, त्यामुळे वायू निघून जातो आणि बीअर जिभेला टोचत नाही, मऊ लागते. अशी बीअर प्रवासात लवकर उतरते. नीरेसारखंच आहे हे : पहाटे स्टॉलवर प्यायली तर नीरा, बाटलीत भरून दुपारी घरी नेली की वेगळंच काहीतरी. म्हणून माझा सल्ला एकच : बीअर जिथे तयार होते त्या गावी जायचं आणि तिथेच बसून प्यायची. बाकीचं सगळं त्या मागोमाग कळत जातं.

सुरुवात तुझ्याच गावापासून कर. एर्लांगेनच्या उत्तरेला बुर्गबेर्ग नावाची टेकडी आहे, तिच्या पोटात जुनी तळघरं खोदलेली आहेत. केलर म्हणतात ते मुळात हेच. खालच्या थंडीत सावकाश आंबणारी बीअर उन्हाळ्यात टिकवायची तर गारवा हवा, आणि तेव्हा फ्रीज कुठे होते? 1553 मध्ये तर बव्हेरियाच्या ड्यूकनं 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बीअर करायलाच बंदी घातली होती, कारण उन्हाळ्यातली बीअर नासायची. मग मार्चमध्ये जरा कडक बीअर करून ठेवायची आणि ती उन्हाळाभर पुरवायची. 'मेर्त्सेन' नावाची बीअर दिसेल ना, ती त्या मार्चमधली. तळघरावर चेस्टनटची झाडं लावायची, म्हणजे रुंद पानांची सावली पडते आणि मुळं फार खोल जात नाहीत. आता सावली आहे, खाली थंड बीअर आहे, तर लोक तिथेच बाकं टाकून बसणार हे ओघानं आलंच. 19व्या शतकात एर्लांगेनची बीअर दूरदूर जायची. मग 1870च्या दशकात कार्ल फॉन लिंडे या इंजिनिअरनं म्युनिकमध्ये बीअर थंड ठेवणारं यंत्र केलं आणि टेकडीतल्या गारव्याची मक्तेदारी संपली. तू रेफ्रिजरेशनवर काम करतेस, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

त्या टेकडीवर 1755 पासून जत्रा भरते, बेर्गकिर्शवाय. पेंटेकॉस्टच्या, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाच्या, आधीच्या गुरुवारी सुरू होते आणि बारा दिवस चालते. ऑफिसातले सगळे तुला ओढून नेतीलच. जा, पण दुपारी जा. रात्री तिथे चव कुणी घेत नाही, गर्दी आणि गाणी असतात. जत्रेच्या गर्दीत बीअर एक लिटरच्या मगात मिळते, एरवी फ्रांकेनमध्ये अर्धा लिटरच चालतो, त्याला झाइडला म्हणतात. लिटरचा मग म्युनिकवाल्यांना लखलाभ. शेवटचे चार घोट कोमट होतात आणि आपण ते संपवायचं म्हणून संपवतो. गावातच प्यायची तर श्टाइनबाखमध्ये जा, तिथे ते स्वतःच बीअर करतात. एर्लांगेनची मोठी जुनी ब्रुअरी किट्समान 2018 मध्ये बंद झाली. त्या नावाच्या बाटल्या दिसल्या तर त्या आता कुल्मबाखहून येतात.

मग एका शनिवारी फोर्शहाइम. रिजनल गाडीनं पंधरा मिनिटांच्या आसपास. लहानसं गाव, तिथे चालत चालत एका ब्रुअरीतून दुसरीत जाता येतं, आणि गावाबाहेर केलरवाल्ड नावाचं जंगल, ज्यात वीसहून जास्त केलर आहेत. जुलैच्या शेवटी तिथे आनाफेस्ट असतो, तो बेर्गकिर्शवायपेक्षा मला जास्त आवडतो, कारण डोक्यावर झाडं असतात. पण जत्रा नसतानाचा एखादा जूनचा रविवार सगळ्यांत उत्तम.

बांबेर्गबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे बहुतेक आपले लोक घाई करतात. जुनं गाव 1993 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, त्यामुळे फोटो काढायला सगळेच जातात. मग श्लेंकेर्ला नावाच्या ब्रुअरीत शिरतात, तिथली गडद धुरकट बीअर मागवतात, एक घोट घेतात आणि तोंड वेडंवाकडं करून बाहेर पडतात. ही राउखबियर. मोड आणलेलं सातू वाळवताना खाली बीचची लाकडं जाळतात, आणि तो धूर दाण्यात उतरतो. एके काळी बहुतेक बीअर थोडीफार अशीच असायची, कारण धान्य आगीवरच वाळायचं. पुढे धूर न लागू देता गरम हवेनं वाळवायच्या भट्ट्या आल्या आणि बाकीच्यांनी सुटकेचा श्वास घेतला. बांबेर्गमध्ये श्लेंकेर्ला आणि श्पेत्सियाल या दोघांनी जुनी रीत सोडली नाही. गावातले लोक सांगतात की पहिला ग्लास मोजायचाच नाही, चव तिसऱ्याला लागते. माझं मत वेगळं आहे : तू श्पेत्सियालपासून सुरू कर. तिथला धूर हलका असतो, मागे माल्टचा गोडवा कळतो. श्लेंकेर्ला दुसऱ्या खेपेला, आणि सोबत काहीतरी खारट खायला घेऊन. नाहीच आवडली तर नाही आवडली. राउखबियर आवडली असं सांगायची इथे सक्ती नाही, जरी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसं वाटलं तरी. तिथल्याच मार्सब्राउ ब्रुअरीत 'आ ऊ' एवढंच म्हणायचं, की ती वर लिहिलेली बूच सैल ठेवलेली बीअर समोर येते.

तू लिहिलंस की पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीतली व्हीट बीअर तुला आवडायची. 2009 मध्ये डूलाली पुण्यात सुरू झाली तेव्हापासून आपल्याकडच्या पुष्कळ लोकांची चांगल्या बीअरशी ओळख त्याच वाटेनं झाली. त्यातला केळं-लवंगेचा वास यीस्टमुळे येतो, वरून काही घातलेलं नसतं. ती वाइत्सेन इथेही मिळेल, पण तिचं घर दक्षिण बव्हेरिया. फ्रांकेनमध्ये आधी केलरबियर, लांडबियर (साधी गावाकडची), डुंकल (गडद) असं काहीतरी मागव. आणि आपल्या 'स्ट्राँग'ची आठवण आलीच तर ऑक्टोबर-नोव्हेंबरची वाट बघ. तेव्हा बांबेर्गमधल्या ब्रुअरी एकेक करून आपापल्या बॉकचं पिंप फोडतात. साडेसहा टक्के किंवा वरच, पण इतकी गोलसर की कळत नाही. न कळणं हाच तिच्यातला धोका.

1516च्या शुद्धतेच्या कायद्याचं पुराण तुला कुणीतरी ऐकवेलच : सातू, हॉप्स (कडवटपणा आणणारी फुलं), पाणी, बाकी काही नाही. यीस्टचा उल्लेख त्यात नव्हता, आणि कायद्याचा बराच भाग बीअरच्या दरांबद्दल होता. ऐकून घे, वाद घालू नकोस.

आता आपल्या दोघींपुरतं एक. महाराष्ट्रात एकट्या बाईनं टेबलावर बीअर घेऊन बसायचं म्हणजे वेटरपासून शेजारच्या टेबलापर्यंत सगळ्यांना उत्तर द्यायचं. वर कायद्यानं परवाना हवा तो वेगळाच. इथल्या गावच्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे खानावळीत, सत्तरीची आजी रविवारी चर्चनंतर एकटी येते, अर्धा लिटर घेते, पेपर वाचते आणि जाते. सोळाव्या वर्षापासून बीअर मिळते, त्यामुळे त्यात चोरून करण्यासारखं कुणाला काही वाटतच नाही. तू पण तशीच बस. दारातून आत गेल्यावर सगळे वळून बघतील, ते तू नवीन आहेस म्हणून. मोठ्यानं 'ग्रूस गॉट' (इथला नमस्कार) म्हण, की परत आपापल्या ग्लासकडे वळतात. एकच टेबल टाळ : ज्याच्यावर श्टामटिशची पाटी किंवा मोठा पितळी ॲशट्रे असेल ते. ते नेहमीच्या मंडळींचं. दुसऱ्या कुठल्याही टेबलावर जागा रिकामी असेल तर विचारून अनोळखी लोकांशेजारी बसता येतं, आणि अशाच शेजाऱ्यांकडून मला पुढच्या गावांची नावं मिळत गेली. चीअर्स करताना डोळ्यांत बघायचं, हे मात्र पाळ. किती झाल्या ते वाढणारी बाई तुझ्या ग्लासखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं रेघा मारून मोजते. तो पुठ्ठा म्हणजेच तुझं बिल, आठवण म्हणून पर्समध्ये टाकू नकोस. निघताना थोडीशीच हवी असेल तर 'श्निट' माग : भराभर ओतलेला, फेसाळ, अर्ध्यामुर्ध्या ग्लासचा शेवटचा हप्ता.

खाण्याचं. बहुतेक केलरवर मेन्यू डुकराच्या मांसाभोवती फिरतो. तू शाकाहारी असल्यामुळे वाट्याला येतात ते ब्रेड, प्रेट्झेल, मुळा आणि 'गेरुप्फ्टर', म्हणजे कांदा-पाप्रिका घालून कालवलेलं चीज. ते छान असतं. पण जुनी रीत अशी की बीअर तिथली घ्यायची आणि खाणं घरून न्यायचं. 1812 मध्ये बव्हेरियाच्या राजानं म्युनिकच्या ब्रुअर्सना तळघरावर बीअर विकू दिली, पण ब्रेडपलीकडे खाणं विकायला मनाई केली, तेव्हापासूनची ही प्रथा. सगळीकडे चालत नाही, म्हणून आधी विचार. चालत असेल तिथे खुशाल डबा उघड. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केलरबियरबरोबर फार जमते, आणि बाकरवडी काढलीस तर अर्धं बाक तुझ्याकडे सरकतं.

गाडी चालवणार असशील तर प्यायचं नाही, हे सांगायला नको, तरी सांगते : लायसन्स नवीन असताना पहिली दोन वर्षं मर्यादा शून्य आहे. तेव्हा ट्रेन आणि बस. मात्र रविवारी खेड्यातल्या बस मोजक्याच असतात, शेवटची कधी ते आधी बघून ठेव. पुष्कळ गावांत सोमवार-मंगळवार बंद असतं, कार्ड घेतीलच असंही नाही. उन्हाळा सरताना आउफझेसला नक्की जा. जेमतेम दीड हजार वस्तीत चार ब्रुअरीज म्हणून 2000 साली त्या गावाची गिनीज बुकात नोंद झाली. चारही ठिकाणांना जोडणारी तेरा-चौदा किलोमीटरची पायवाट आहे. त्या चारांपैकी हेकेनहोफच्या काथीब्राउमध्ये मोटरसायकलवाल्यांची झुंबड असते, त्यातले बरेच अल्कोहोलविरहित बीअर पीत असतात. ती कमीपणाची गोष्ट नाही, चवीलाही चांगली असते. तुझी इच्छा नसेल त्या दिवशी तीच माग, कुणी 'का' म्हणून विचारत नाही.

क्रेटबद्दल तू विचारलं होतंस : वीस बाटल्या स्वस्त पडतात, घेऊ का? हिशोब बरोबर आहे. पेयांच्या दुकानात, गेट्रेंकेमार्क्टमध्ये, आसपासच्या गावांच्या क्रेट रचलेल्या दिसतील. बाटलीमागे 8 सेंट आणि क्रेटचे दीड युरो अनामत, रिकामी परत केली की पूर्ण 3.10 परत. पण पहिल्या हिवाळ्यात घेऊ नकोस. नोव्हेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो, खोलीत तू एकटी, आणि हाताशी वीस बाटल्या. इथे नवीन आलेली चांगली मुलं त्या महिन्यांत कशी कोमेजतात ते मी पाहिलंय. बाहेर जाऊन, माणसांत बसून प्यायची, घरात दोनच्या वर बाटल्या ठेवायच्या नाहीत. मार्चनंतर काय वाटेल ते कर.

दिवाळीला येताना बाबांना काय आणू, हा तुझा शेवटचा प्रश्न. केलरबियर आणू नकोस, वर सांगितलंच. गाळलेली राउखबियर प्रवास सोसते, आणि बॉकही. कस्टममध्ये माणशी दोन लिटर मद्य चालतं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या. चेक-इन बॅगेत, प्रत्येक बाटली वेगळ्या स्वेटरमध्ये गुंडाळून.

तुझी,
ताई