‘पिक्मिन २’ या निन्टेंडोच्या व्हिडिओ गेममधलं वजनमाप १०० पिक्मिन (वस्तू वाहून नेणारे छोटे जीव) लावूनही का हलत नाही?

कारण पथकात लाल, पिवळे, निळेही आहेत. सांगलीच्या मार्केट यार्डात तराजूत टाकतात तसलं हे वजन, पण त्यावर दिसणाऱ्या दोन आकड्यांतला खालचा बघा: १०००. साध्या पिक्मिनची ताकद १, जांभळ्याची १०. एका वेळी १०० च बाहेर काढता येतात, म्हणजे शंभरही जांभळेच हवेत! एक जरी मेला तरी ९९०, आणि वजन जागच्या जागी.

जांभळे गुहेतल्या जांभळ्या फुलांतून मिळतात. एका फुलात दुसऱ्या रंगाचे ५ फेका, ५ जांभळे निघतात. काही गुहांत पुन्हा उतरलं की फुलं पुन्हा उगवतात, कंटाळवाणं पण खात्रीचं. जांभळे साठवायचे खेळातल्या अंतराळयानात. वजन नेताना वाटेवरचे शत्रू किडे आधी मारा, जांभळे फार हळू चालतात.